मोतीचे अप्पा

लग्नाची पत्रिका हातात पडली की अप्पा आधी मुहूर्त बघतात, वधूवर नंतर. मुहूर्त गोरज असेल तर यजमानांना तिथल्या तिथे आशीर्वाद देऊन मोकळे होतात. सकाळी सात आणि संध्याकाळी सात ही मोतीच्या इन्सुलिनची वेळ. लग्नं काय, होतच असतात.

मोती हा मूळचा सोसायटीच्या पार्किंगमधला गावठी कुत्रा. अप्पा कोषागारातून निवृत्त झाले त्या पावसाळ्यात त्यांनी त्याला पाऊस थांबेपर्यंत म्हणून दारात घेतलं. दसऱ्याला तो सोफ्यावर होता. पुढे कधीतरी तो बादलीभर पाणी पिऊ लागला, घरभर मुतू लागला, दोन्ही वेळा चापून खाऊनही त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. रक्त तपासलं तर मधुमेह. "आता हा जन्मभर सुईवर," डॉक्टर म्हणाले. दुसरा कुणी हबकला असता. अप्पांच्या चेहऱ्यावर मात्र निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तेज आलं. रोज दोनदा ताळा जुळवावा लागेल असं काहीतरी अखेर त्यांच्या हाती लागलं होतं.

त्याच दिवशी वही आली. तारीख, साखर, खाणं, युनिट, शेरा. शेऱ्यात 'चि. मोतीने अर्धी पोळी नाकारली' अशा नोंदी. जेवला नाही तर नेहमीचा डोस टोचायचा नाही, आधी डॉक्टरांना फोन, हे पहिल्या पानावर लाल शाईने. कुपी फ्रिजच्या दारात, लोणच्याशेजारी. ४० ची कुपी, म्हणून सिरिंजही लाल टोपणाची. औषधवाल्याने एकदा नारिंगी टोपणाची दिली, तर अप्पांनी रांगेतल्या सगळ्यांदेखत त्याची शिकवणी घेतली. "ही १०० ची! यात दहा म्हणून भराल ते चारच जातील!" अप्पांचं बरोबर होतं. म्हणूनच औषधवाला अजून बोलत नाही.

"कुत्र्याला कसली इन्सुलिनं?" असं कुणी म्हणालं की अप्पा १९२१ साल काढतात. टोरांटो, बँटिंग आणि बेस्ट, आणि स्वादुपिंड काढूनही त्यांच्या अर्कावर सुमारे ७० दिवस जगलेली मार्जरी नावाची कुत्री. "माणसाचा नंबर १९२२ ला लागला. त्यांची बाकी आपल्याकडे आहे, साहेब!" ऐकणारा बाकी कबूल करून निघून जातो.

मधुमेहात कुत्र्यांचे डोळे बऱ्याचदा जातात. मोतीला मोतीबिंदू झाला तेव्हा सोसायटीत जो विनोद व्हायचा तो झाला. अप्पा हसले नाहीत. आंधळ्याला घर पाठ असतं, म्हणून त्यांनी प्रत्येक खुर्चीच्या पायाभोवती खडूने गोल आखले. अमेरिकेहून आलेल्या मुलाने खुर्ची वीतभर सरकवली, तर रात्री बाराला उठून ती गोलात आणून ठेवली. काकू दिवाळीची साफसफाई आता खडू वाचवून करतात. "माझी साडेसाती सातलाच सुरू होते," असं म्हणतात खऱ्या, पण अप्पा गावाला गेले तर सुई त्याच टोचतात आणि वहीत शेराही लिहितात. त्यांचं अक्षर जास्त चांगलं आहे.

अप्पांना भेटायचं असेल तर सव्वासातनंतर जा. पेढे नेऊ नका. शुगर-फ्री तर मुळीच नको. त्यातल्या काहींत झायलिटॉल असतं, त्याने कुत्र्याची साखर एकदम कोसळते, आणि अप्पा ते वेष्टन तुमच्यादेखत भिंगातून वाचतात. पूर्ण.