जनरलसाहेब, आता कोणत्या बाजूला बसणार?

मा. फेलिक्स शर्शेनबायेविच कुलोव,
लेफ्टनंट जनरल, माजी उपराष्ट्राध्यक्ष, माजी प्रांतप्रमुख, माजी राष्ट्रीय सुरक्षामंत्री, माजी महापौर, माजी कैदी, माजी पंतप्रधान,
मु. पो. बिश्केक, किर्गिझस्तान.



पत्ता लिहितानाच अर्धा कागद संपला, त्याबद्दल क्षमस्व. आमच्याकडची पोरं आपल्या शहरात डॉक्टर व्हायला येतात, पण फी किती आणि मेस कशी याच्या पलीकडे बिश्केकची चौकशी इथे कुणी करत नाही. मला मात्र आपल्या कारकिर्दीचा नाद लागला आहे. सुरक्षामंत्र्याने विरोधी पक्षात कसं जावं आणि तिथून परत कसं यावं, याचा इतका तपशीलवार अभ्यासक्रम दुसऱ्या कुणी घालून दिलेला नाही.

पोलीस खात्यात आपण वाढलात. ऑगस्ट 1991 मध्ये मॉस्कोत बंड झालं तेव्हा किर्गिझ राष्ट्राध्यक्ष अकायेव यांच्या बाजूने उभे राहिलात आणि पुढे त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष झालात. 1993 च्या अखेरीस सोन्याच्या व्यवहारावरून काहूर उठलं. आपण नैतिक जबाबदारी म्हणून पद सोडलंत. नैतिकतेचा हा झटका सौम्य असावा, कारण लगेच आपण चुई प्रांताचे प्रमुख होऊन कामाला लागलात. 1997 मध्ये राष्ट्रीय सुरक्षा मंत्रालय मिळालं, म्हणजे जुन्या केजीबीची किर्गिझ गादी. त्या परंपरेचे संस्थापक फेलिक्स झेर्झिन्स्की यांच्या नावाचा माणूस त्या खुर्चीत शोभलाही असेल. 1998 मध्ये राजधानीचे महापौर. एप्रिल 1999 मध्ये तेही सोडलंत आणि जुलैत ‘अर-नामिस’ हा पक्ष काढलात. अकायेव यांच्या राज्यात लोकशाही गुदमरते आहे, असं आपण सांगू लागलात. इतकी वर्षं त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला होतात, तेव्हा तिचा घोरण्याचा आवाज समजून दुर्लक्ष झालं असेल. होतं असं.

2000 सालची गोष्ट मात्र मी थट्टेवारी नेणार नाही. तलासकडच्या कारा-बुरा मतदारसंघात संसदेच्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत आपण पुढे होतात. दुसऱ्या फेरीत अचानक हरलात. लोक निकालाविरुद्ध रस्त्यावर आले, आणि 22 मार्चला आपल्याला रुग्णालयातून उचललं. उचललं कुणी? आपल्याच जुन्या मंत्रालयाच्या माणसांनी. घर फिरलं की वासे फिरतात, पण इथे वासे आपणच बसवलेले! आरोप मंत्रिपदाच्या काळातला, अधिकाराच्या गैरवापराचा. खटला लष्करी न्यायालयात, बंद दाराआड. ऑगस्टमध्ये निर्दोष सुटलात. सरकारी पक्षाला ते रुचलं नाही, म्हणून पुन्हा सुनावणी झाली आणि जानेवारी 2001 मध्ये सात वर्षांची शिक्षा लागली. 2002 मध्ये अफरातफरीच्या खटल्यात ती दहावर गेली. हे सगळं सूडाचं राजकारण होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आपण मंत्री असताना त्याच मंत्रालयाच्या कोठडीत कोण होतं, त्यांची दारं कितपत उघडी असायची, हे आपल्या लेखणीतून वाचायला आवडेल. आतली आणि बाहेरची, दोन्ही बाजू पाहिलेला लेखक सहसा मिळत नाही.

सुटका आणि शिक्षा यांच्या मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक येऊन गेली. उमेदवाराला किर्गिझ भाषेची परीक्षा सक्तीची झाली. आपण परीक्षेला बसायलाच नकार दिलात. नियम आपल्याला अडवायलाच आणला होता, असं बरेच जण म्हणतात आणि मलाही पटतं. तरी ज्या जनतेचे आपण ‘जनतेचे जनरल’, तिच्या भाषेचा पेपर जाता जाता सोडवून अकायेव यांचं तोंड बंद करायला काय हरकत होती? ते राहिलं. आपण दुसरे विरोधी उमेदवार तेकेबायेव यांना पाठिंबा दिलात, ते जिंकले तर पंतप्रधानपद आपलं या बोलीवर. ते हरले.

24 मार्च 2005. उठाव झाला, अकायेव पळाले, जमावाने तुरुंगातून आपल्याला बाहेर काढलं. रात्री बिश्केकमधली दुकानं लुटली जात होती, पोलीस गायब होते. सकाळी कैदी असलेला माणूस रात्री त्याच पोलिसांना गोळा करून कामाला लावतो, सोबत स्वयंसेवकांची पथकं उभी करतो. जनरलसाहेब, इथे मी टोपी काढतो. आपल्या साऱ्या पदांत त्या काही दिवसांचं पद सर्वांत खरं होतं, आणि त्याला धड नावही नव्हतं.

ते आपण आठवड्याभरात सोडलंत. मग मे महिन्यात हंगामी राष्ट्राध्यक्ष बाकियेव यांच्याशी जोडी जमली: दक्षिणेचे ते, उत्तरेचे आपण. ते राष्ट्राध्यक्ष, आपण माघार घेऊन पंतप्रधान. दुसऱ्याला वर चढवून आपण दोन नंबरवर बसण्याची बोली, पाच वर्षांत दुसऱ्यांदा. या वेळी फळली. डिसेंबर 2006 मध्ये राजीनामा दिलात, परत नेमणूक व्हावी म्हणून बाकियेव यांनी दोनदा नाव पाठवलं, संसदेने दोनदा परत केलं. फेब्रुवारी 2007 मध्ये आपल्याला बाकियेव यांच्या राज्यातही लोकशाही गुदमरताना दिसली! एप्रिलमध्ये अला-तू चौकात ठिय्या, मग अश्रुधूर. सोडणारे पोलीस ओळखीचे निघाले का हो?

आणि 2008 मध्ये त्याच बाकियेव यांनी आपल्याला लहान-मध्यम वीजप्रकल्पांचं काम दिलं. आपण घेतलंत. यावर मी काही लिहीत नाही, कारण मला हसू आवरत नाही.

2010 मध्ये बाकियेवही पळाले. देशाने संसदीय पद्धत स्वीकारली आणि ‘अर-नामिस’ला 25 जागा मिळाल्या. प्रचारात आपण काय मागत होतात? बलवान राष्ट्राध्यक्ष. दोन बलवान राष्ट्राध्यक्ष आपण जवळून पाहिले होते, एकाने तुरुंगात घातलं, दुसऱ्याने धूर सोडला. तरीही खुर्ची बलवानच हवी. तक्रार फक्त तिच्यावर बसलेल्या माणसाबद्दल, असंच ना?

असो. जगभरचे किती तरी माजी सुरक्षामंत्री सध्या विरोधी बाकांवर बसून मानवी हक्कांची उजळणी करत आहेत. त्यांच्यासाठी आपण एखादी छोटी पुस्तिका काढावी ही विनंती. प्रस्तावना मी लिहीन, मानधन नको.

आपला नम्र वाचक

ता. क. : उत्तर रशियन भाषेत पाठवलंत तरी चालेल. आम्ही पेपर घेत नाही.