ओटीपी आईचा, अंगठा मुलाचा

‘मुलांच्या हाती मोबाइल देताच कशाला?’ असं आईबापांना खडसावणाऱ्यांना एक आठवण करून द्यायला हवी. २०२० मध्ये कोरोनाने शाळा बंद पडल्या, तेव्हा तो मोबाइल शाळेसाठीच घ्यावा लागला होता. कित्येक घरांत उसनवारी करून घेतला. पुढे शाळा उघडल्या, पण गृहपाठाचे व्हॉट्सॲप ग्रुप तसेच राहिले. त्यामुळे ‘पालकांची जबाबदारी’ एवढं म्हणून कुणालाही हात झटकता येणार नाहीत.

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने थोडं तेच केलंय. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी. कागदावर छान. घरात काय होईल? आईचे हात कणकेत, सातवीतलं पोरगं दारातून ओरडतंय, ‘आई, ओटीपी आलाय, टाकू का?’ ‘टाक रे बाबा.’ झाली संमती! डिजिलॉकरवरून ओळख पटवा म्हणाल, तर ते खातंही त्यानेच उघडून दिलेलं असतं. गॅसचं बुकिंग तोच करतो, पासवर्डही त्यालाच पाठ.

याच कायद्यात खरी धार आहे ती वेगळ्या तरतुदीला. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत; मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. हे कुठल्याही बापाला घरबसल्या जमणारं नाही, म्हणून ते सरकारचंच काम. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खाती बंद केली. अशी सरसकट बंदी मला पटत नाही, मुलं वाट काढणारच. पण दंड कुणाला करायचा, हे त्यांनी अचूक ओळखलं: पोरांना नाही, आईबापांना नाही, कंपनीला, तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत.

मग घराने काय करायचं? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावला विचारा. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायला लागला, की दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद. थोरांचेसुद्धा. निर्णय गावाचाच. यातली अक्कल बघा. एकट्या घराने टीव्ही बंद केला, तर शेजारच्या मालिकेचा आवाज येतो आणि पोरगं तिकडे पळतं. सगळी आळी शांत झाली, की आईला रोज वाईटपणा घ्यावा लागत नाही. शहरातल्या सोसायट्यांना गणपतीची वर्गणी ठरवता येते, मग हे का ठरवता येऊ नये?

पण रात्री अकराला पांघरुणात एक संपला की दुसरा व्हिडिओ आपोआप सुरू होतो, तो भोंग्याने थांबत नाही. ते बटण कंपनीच्या हातात आहे. मुलांच्या खात्यांवर ऑटोप्ले मुळातच बंद ठेवा, अशी ओळ आपल्या या कायद्यात नाही. कायद्याचे मुलांविषयीचे नियम लागू करायला नोव्हेंबर २०२५ पासून १८ महिन्यांची मुदत दिली आहे. तेवढ्यात ती ओळ घालता येईल. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ खासदार आहेत. त्यांतल्या एकाने तरी उठून ही मागणी करावी.