राइड कॅप्टन

वेधशाळेनं रायगडला ऑरेंज अलर्ट दिला की पनवेलकर गॅलरीतले कपडे आत घेतात आणि राइड कॅप्टन रेनकोट बाहेर काढतो. 'रविवारी पहाटे पाच. कळंबोली, मॅकडोनाल्ड्स. पाच म्हणजे पाच!' हे तो गुरुवारपासून बजावत असतो. साडेसहाला मंडळी जमतात. सर्वांत शेवटी कॅप्टन येतो. त्याचा तरी काय दोष? आधी गुडघ्यांचे गार्ड, मग कोपरांचे, मग जॅकेट, त्यावर रेनकोट, रेनपँट, बूट आणि बुटांवर बूटकव्हर. एवढं चढवून झाल्यावर आठवतं की गाडीची किल्ली सर्वांत आतल्या पँटच्या खिशात आहे.

गाडी अर्थातच हिमालयन. दोन्ही अंगांना अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या. आत पंक्चर किट, चेन लूब, दोरखंड आणि पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. पेटीवर खारदुंग लाचा स्टिकर. तो कुरिअरने आला. आज जायचंय गाढेश्वरला, म्हणजे रिक्षावाला कुरकुर न करता नेईल इतक्या लांब.

निघण्यापूर्वी ब्रीफिंग होतं. कळंबोलीला सुरू होणाऱ्या एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, हा अन्याय कॅप्टन दहा मिनिटं समजावून सांगतो. आपल्याला त्या रस्त्यानं जायचंच नाही, असं मधे बोलायचं नसतं. मग खुणा. डावी मूठ वर म्हणजे थांबा. पाय बाहेर म्हणजे त्या बाजूला खड्डा. ही खूण ज्यानं शोधली त्यानं सुकापूर ते नेरे हा रस्ता जुलैत पाहिला नसावा. कॅप्टनचा पाय जो एकदा बाहेर येतो, तो परत आत घ्यायला सवडच मिळत नाही. मागून दुधाचे कॅन लावलेला स्प्लेंडरवाला येतो, डोक्याला नुसती प्लास्टिकची पिशवी, आणि पाय कुठंही न काढता सगळे खड्डे चुकवून पुढे निघून जातो.

वाटेत चहा. चहाला हेल्मेट काढावं लागतं, हेल्मेटला कॅमेरा आहे, कॅमेऱ्याला टोपी घालावी लागते. चहा गार होतो. पावसात चिंब भिजायला आलेल्या या माणसाच्या अंगाला अजून एक थेंब लागलेला नाही, आतून घामानं मात्र तो निथळतोय.

गाढेश्वरच्या, म्हणजे देहरंगच्या धरणावर त्याचं खरंच प्रेम आहे, पण पावसाळ्यापुरतं. धरण पनवेल नगरपालिकेचं, आता महानगरपालिकेचं. नगरपालिका 1852 सालची, धरण पुष्कळ नंतरचं आणि आता गाळानं भरत चाललेलं. मे महिन्यात त्याचा तळ दिसू लागतो आणि जुन्या पनवेलीत टँकर फिरतात, तेव्हा हाच कॅप्टन सोसायटीच्या ग्रुपवर धरणाचा उद्धार करत असतो. माथेरानच्या डोंगरातून गाढी नदी फुगून आली की सगळं माफ.

नेऱ्याच्या पुढे नाकाबंदी. पावसाळ्यात इथं पोरं बुडतात, म्हणून पोलीस बंदी घालतात. कॅप्टन काच वर करतो.

"साहेब, आम्ही रायडर आहोत. पिकनिकवाले नाही."

"पाण्याला काय कळतंय?" हवालदार म्हणतो. "वळवा."

वळवण्याआधी फोटो काढायचे असतात. मागे प्रबळगड, शेजारी कलावंतीण, असं कॅप्टन ढगाकडे बोट दाखवून सांगतो. दुसरा एक जण दुसऱ्याच ढगाकडे बोट दाखवतो. वाद मिटत नाही, कारण ढग हलत नाहीत.

एवढ्यात हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर घरून फोन येतो. कॅप्टनचा आवाज एकदम मऊ पडतो. "हो... हो, दिसतायत. किती घेऊ?"

रस्त्याच्या कडेला ठाकरीण मावश्या करटोली घेऊन बसल्या आहेत. कॅप्टन मागच्यांना मूठ वर करून थांबवतो. दोरखंड आणि चेन लूब सॅकमध्ये जातात, पेटी रिकामी होते.

"मावशी, वाटा कसा दिला?"

"पन्नास."

"दोन घेतले तर?"

"शंभर," मावशी म्हणते आणि पेटीचं झाकण स्वतःच उघडते.