बंदूक गेली, हौस राहिली

मुर्री गावच्या माणसाला सहकुटुंब बदकं मारायला जायचं म्हटलं, तर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. परवान्याची उरलीसुरली पळवाट १९९१च्या दुरुस्तीने बुजवली. म्हणून आपण सुधारलो. आता थंडीतल्या रविवारी परसवाड्याच्या तलावावर हातभर लांबीची लेन्स आणि डबाभर तर्री-पोहे घेऊन जातो.

दिसेल तो पक्षी सायबेरियाचा, हे काकांनी गाडीतच ठरवलेलं असतं. समोरची अडई बारमाही इथलीच. बिचारीला आपण परदेशी असल्याचं दर हिवाळ्यात नव्याने कळतं. मग भाचा टाळ्या पिटतो, मेहुणा ड्रोन सोडतो, थवा उठतो, रील होते.

१९३८ साली भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. ते स्वतःला निदान शिकारी तरी म्हणवत. आपण पक्षिमित्र! कायद्याच्या व्याख्येत मात्र शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे, वन्यजीवाला हाकणंही आलं. पण ते कलम वाचायचं कधी? हाताला तर्री लागलेली असते.