मिरचीला बढती

हल्ली लग्नाच्या जेवणात पेरूचं आइसक्रीम आलं की त्यावर तिखट-मीठ भुरभुरलेलं असतं. चॉकलेटातही मिरची शिरली आहे. ज्येष्ठ मंडळी त्या कपाकडे संशयाने पाहतात. "गोडात तिखट? काय एकेक थेरं!" हीच मंडळी रामनवमीला तळहातावरचा सुंठवडा मिटक्या मारत खातात. सुंठ घशाशी लागून ठसका येतो, पण प्रसादाला नावं ठेवायची नसतात.

आपल्या गोडात तिखटाची ये-जा जुनीच. आमरसावर मिरपूड आणि तूप हवं, नाहीतर म्हणे रस बाधतो. डिंकाच्या लाडवात सुंठ हवी. साखरभातात तर लवंगा दबा धरूनच बसलेल्या. एखादी दाढेखाली आली की बोलणारा वाक्याच्या मधेच थांबतो, आणि यजमानीणबाईंना वाटतं, भात फारच आवडला!

पण ही सारी तिखटं जुन्या घराण्यांतली: मिरी, सुंठ, लवंग. मिरची अमेरिकेची; सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर इकडे आली. आल्यावर तिने आमटी, भाजी, ठेचा सगळं ताब्यात घेतलं, पण गोडाच्या वाटीत काही तिला शिरकाव मिळाला नाही. तिने पानाच्या डाव्या बाजूला, लोणच्या-चटणीत बसायचं. तिथून ती राबते मात्र गोडासाठीच. जिलबीवरची वासना उडू लागली की मठ्ठ्यातली हिरवी मिरची जीभ जागी करते आणि हात आपोआप वाढप्याकडे वर जातो.

तिच्या माहेरी असला सोवळेपणा नव्हता. मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक लोक कोकोच्या पेयात मिरची घालून पीत. चॉकलेट आणि मिरची या बालमैत्रिणी आहेत, आपल्याला ओळख उशिरा झाली इतकंच.

१९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधतज्ज्ञाने तिखटपणा मोजायची रीत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात घालायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत तो पातळ करत जायचा. तिखटाचं माप काढायलाही शेवटी गोडच लागलं!

आइसक्रीमचं गणित आणखी सोयीचं. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्याला दाद देत नाही, स्निग्धात विरघळतं. त्यामुळे आधी गार, मग गोड, मागून झणझण, आणि ती शमवायला पुढचा चमचा. औषध म्हणून घेतलेला चमचा पथ्यात मोजत नाहीत.

तेव्हा मिरचीच्या बढतीला माझी हरकत नाही. हद्द फक्त पुरणपोळीपाशी आखावी. डाळ शिजली की तिचा कट काढून आमटी करतात. गोड एका वाटेने जातं, तिखट दुसऱ्या. पोळीचा कुठला घास दुधात बुडवायचा आणि कुठला कटात, हे खाणाऱ्याने घासागणिक ठरवायचं. एवढा मोठा अधिकार आचाऱ्याच्या हाती देऊन चालणार नाही.