अंशाला साठ रुपये

भाव करताना नानांचा उजवा हात वर जातो. कानाच्याही वर, पंजा उघडा, म्हणजे समोरच्याने पुढे बोलायचं नाही. त्या हातापुढे मंडईतले मुरलेले भाजीवाले नरमलेले मी पाहिले आहेत. गेल्या वर्षी मात्र भेंडीच्या ढिगासमोर तो हात छातीपाशीच अडला, नानांच्या तोंडून 'आई गं' निघालं आणि भेंडी सांगितल्या भावाने घ्यावी लागली. घरात खरी काळजी पसरली ती तेव्हा.

नाना बँकेतले निवृत्त हेडकॅशियर. घरात आलेला कुठलाही कागद, अगदी लग्नपत्रिकाही, आधी उजेडाकडे धरून बघतात. हाडांच्या डॉक्टरांनी 'फ्रोझन शोल्डर, फिजिओथेरपी 10 सिटिंग' अशी चिठ्ठी दिली, तीही ट्यूबलाइटकडे धरून झाली. सोबत व्यायामाची चित्रं असलेला एक कागद फुकट मिळाला होता. तो घरी येऊन निर्गुडीच्या तेलाच्या बाटलीखाली गेला. दोन महिने ते तेल चोळलं. बाटली रिकामी झाली, हात होता तिथेच राहिला.

शेवटी काकूंनी मला हाक मारली आणि मी नानांना स्कूटरवर घालून पेठेतल्या एका खासगी क्लिनिकमध्ये नेलं.

"एक सिटिंग पाचशे. दहाचं पॅकेज घेतलं तर साडेचार हजार," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"म्हणजे दहावं फुकट?"

"हो, तसंच समजा काका."

"मग ते फुकटचं आधी द्या. गुण आला तर उरलेली नऊ घेतो."

मुलगी हसली, पण हलली नाही. नानांनी मेडिक्लेमचा विषय काढला. त्यांच्या पॉलिसीला माणूस चोवीस तास अॅडमिट असल्याशिवाय पाझर फुटत नाही. "मग मला चोवीस तास इथेच बसवून ठेवा," नाना म्हणाले, "डबा घरून येईल." तिने क्यूआर कोडची पाटी पुढे सरकवली. नानांनी ती मागे सरकवून नोटा काढल्या, तीनदा मोजल्या आणि पावतीवर जीएसटी शोधू लागले. आरोग्यसेवेला तो लागत नाही हे कळल्यावर, घरून तयार करून आणलेलं भांडण वाया गेल्याने ते जरा खिन्न झाले.

आत फिजिओथेरपिस्ट होती, नानांच्या नातीहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल.

"मालिश तू करणार?"

"मालिश नाही काका. साडेचार वर्षं शिकलेय मी."

भिंतीवर तिचं राज्य परिषदेचं नोंदणीपत्र होतं. त्यावरचा नंबर नानांनी डायरीत उतरवून घेतला आणि माझ्या कानाशी लागले, "साडेचार वर्षं, साडेचार हजार. वर्षाला हजार पडले. रास्त आहे."

तिने समजावून सांगितलं. सांध्याभोवतीचं आवरण आखडतं. साखर असलेल्यांना हा त्रास जास्त होतो. आधी खांदा दुखतो, मग धरतो, मग हळूहळू सुटतो.

"आपोआप?"

"बऱ्याच जणांचा सुटतो. पण वर्ष-दोन वर्षं जाऊ शकतात."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पावती मीच फाडली होती.

मग गोनिओमीटर निघाला. हात समोरून वर किती जातो? पंच्याऐंशी अंश. नानांना आकडा पटेना. "सुरुवातीची शिल्लक कमी दाखवायची, म्हणजे शेवटी नफा फुगतो. बॅलन्सशीट आम्हीही पाहिल्यात, बाई." दुसऱ्या खेपेला ते नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन आले. तोही पंच्याऐंशीच म्हणाला. त्यानंतर त्यांचा नातवाच्या कंपासपेटीवरचा विश्वास उडाला.

मशीन मात्र त्यांना पसंत पडलं. खांद्याला चार पॅड, आत मुंग्या आल्यासारखा करंट, वर गरम शेक आणि आपण नुसतं पडायचं. पंधरा मिनिटं ठरली होती. नाना घड्याळ लावून पडत. चौदाव्या मिनिटाला कोणी पॅडला हात लावला तर डोळे न उघडता "अजून एक आहे" म्हणत.

बिनसलं ते पुलीपाशी. वर कप्पी, तिच्यावरून दोरी, दोन्ही टोकांना मुठी. चांगल्या हाताने ओढायचं, की दुखरा वर जातो.

"हा तर विहिरीवरचा रहाट," नाना म्हणाले. "लहानपणी रोज ओढलाय. तेव्हा निदान पाणी यायचं. आता पैसेही मीच द्यायचे आणि ओढायचंही मीच?"

"मशीनने दुखणं कमी होतं काका. हात तुम्हालाच सोडवायचाय. घरी दिवसातून तीनदा व्यायाम हवा." तिने व्यायामाचा कागद दिला. तेलाच्या बाटलीखाली होता, तोच.

पाच सिटिंगनंतर माप झालं. चौऱ्याण्णव. नानांनी तिथेच डायरी काढली. सव्वादोन हजारांत नऊ अंश.

"अडीचशे रुपये अंश!" हेडकॅशियरच्या आवाजात ते ओरडले. शेजारच्या खाटेवरच्या बाई गुडघ्यासकट दचकल्या.

त्या रात्री नाना आकडेमोड करत जागे होते. पहाटे त्यांना उलगडा झाला. साडेचार हजार जायचे ते गेलेच; तो आकडा आता वाढत नाही. अंश मात्र वाढू शकतात. घरी फुकटात जेवढे मिळवू, तेवढा भाव उतरेल. बाटलीखालचा तेलकट कागद निघाला. उजेडाकडे धरला गेला. आता तो आरपार दिसत होता.

तेव्हापासून नाना ओट्यावर डावा हात टेकून वाकतात आणि उजवा हात घंटेच्या लोलकासारखा झुलवतात. भिंतीवर बोटं चढवतात आणि जिथवर पोचतील तिथे पेन्सिलीची खूण करतात. "चाळीस वर्षं सांगतेय, वरचा डबा काढून द्या," काकू म्हणाल्या, "आत्ता सापडला मुहूर्त."

दहावं सिटिंग संपलं तेव्हा हात एकशे पंधरावर होता. अंशाला दीडशे. मुलीने विचारलं, पुढचं पॅकेज? नानांनी छातीपाशी हात आणला, आणखी वर नेला, चांगला कपाळापर्यंत. मुलगी गप्प बसली. पुढचे तीन महिने घरचाच व्यायाम. परवा कोनमापकाने एकशे साठ दाखवले. अंशाला साठ रुपये. कंपासपेटीवरचा विश्वासही परत आला आहे.

भेंडी आता जुन्या भावाने येते.

त्यांना स्कूटरवरून नेता-आणता माझी कंबर धरली आहे. मी नानांना म्हटलं, तुमचा तो व्यायामाचा कागद जरा बघायला द्या. त्यांनी हात वर केला. कानाच्याही वर.

"आधी क्लिनिकमध्ये जाऊन पैसे भरून ये," नाना म्हणाले. "फुकटच्या कागदाने कोणी वाकत नाही."