मशीन विकणे आहे

यवतमध्ये गिटार वाजवणारे किती, तर मला धरून एक. आणि त्या एकालाही ती नीट येत नाही.

पुण्यात कॉलेजला असताना मी ८,५०० रुपयांना ४० वॅटचा गिटार ॲम्प्लिफायर घेतला आणि पुणे-दौंड शटलने घरी आणला. डब्यात पाय टेकायला जागा नव्हती. मांजरीला एक मावशी चढल्या. आधी माझ्याकडे आणि मग खोक्याकडे बघत, ‘बसू का रं यावर?’ असं विचारता विचारताच त्या बसल्यासुद्धा. उरुळी येईपर्यंत शेजारच्या दोघी-तिघी त्या जागेसाठी मावशींवर डोळा ठेवून होत्या. त्या दिवशी खोक्याला जो भाव होता, तो पुढे कधी आला नाही.

नंतरची बारा वर्षं त्यावर आईचा गव्हाचा डबा होता. यंदा घराला रंग द्यायचा निघाला तेव्हा बायको म्हणाली, ‘एक तर वाजवा, नाहीतर विका.’ पहिलं तिलाच नको होतं. मी मनाशी ६,००० धरले.

तेवढे धरायला आधार होता. परदेशात साठ वर्षांपूर्वीचे फेंडर, मार्शल ॲम्प्लिफायर नव्यापेक्षा महाग जातात. त्यांत काचेचे व्हॉल्व्ह असतात, आणि आवाज चढवल्यावर ते जे खरखरतात त्याला तिकडे गोडवा म्हणतात. माझ्यात साधे ट्रान्झिस्टर. खरखर भरपूर होती, पण तिला गोडवा म्हणणारं कोणी भेटलेलं नव्हतं. बाकी लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, त्याला गिटार वाजवता येत नव्हती. जिम मार्शल ड्रम वाजवायचा. म्हणजे या धंद्यात गिटार न येणाऱ्यांची परंपरा थोर आहे, आणि मी त्यात अगदी शोभतो.

पहिला आला भंगारवाला. त्याने खोकं उचललं, हलवून पाहिलं आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये तांबं किती निघेल याचा अंदाज घेतला. ‘३०० देतो. लाकूड तुम्हीच ठेवा.’

मग भजनी मंडळाचे आबा आले. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून आमच्याकडे मुक्कामाला येते. गाव पिठलं-भाकरीच्या तयारीत असतं आणि मंडळ मशीनच्या शोधात. आमच्याकडे ॲम्प्लिफायरला मशीनच म्हणतात.

‘अहुजाची हाय का?’

‘नाही आबा. गिटारची आहे.’

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आपण होऊन ५,००० वर आलो.

‘कर्णे किती ओढंल?’

‘स्पीकर आतच आहे. बाहेर कर्णा लावता येत नाही.’

‘म्हंजे देवळातलं भजन देवळातच?’ ४,०००.

‘बॅटरीवर चालंल?’

‘नाही.’

‘मग लाईट गेल्यावर पांडुरंगानं काय ऐकायचं?’ ३,०००.

आबांचं चुकत नव्हतं. अहुजा ही १९४० पासूनची दिल्लीची कंपनी, पण आमच्याकडे ते आता कंपनीचं नाव राहिलेलं नाही. तो एक जिन्नस आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, जीपमध्ये बसते, लांबच लांब वायर टाकून शेतापलीकडचा कर्णा ओढते, आणि बिघडली तर बाजाराच्या गावी ती उघडणारा कोणीतरी सापडतोच. जुनी अहुजा न बघता फोनवर विकली जाते. माझं खोकं उघडणारा माणूस शोधायचा तर पुणं गाठावं लागणार.

तरी आबांनी माइक लावून बघितला. गिटारच्या स्पीकरला ५,००० हर्ट्‌झच्या वरचं फारसं झेपत नाही. तारांना ते सोसतं. श-स-च मात्र तिथेच राहतात. आबांनी खड्या आवाजात ‘श्रीहरी’ म्हटलं. बाहेर नुसता ‘हरी’ आला, तोही घोंगडीत तोंड घातल्यासारखा.

‘श्री खाल्ली मशीननं,’ म्हणत आबा उठले. चहासुद्धा घेतला नाही.

त्यानंतर मी पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी की रविवारी कधी जावं याच्या विचारात होतो. तेवढ्यात बेंजो पार्टीतला एक पोरगा आला. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. बेंजो म्हणजे तरी काय, पोलादी तारा, टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली पिकअप. नात्याने गिटारचा चुलतभाऊच. त्याने वायर खुपसली, गेनचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि हळदीची एक चाल छेडली. पडवीचा पत्रा थरथरला. शेजारची शेळी दावं तोडून गेली.

‘दादा,’ त्याचे डोळे भरून आले होते, ‘ही मशीन रडती राव!’

बारा वर्षांनी खरखरीला गोडवा म्हणणारं माणूस भेटलं होतं. सौदा ३,००० ला तुटला. अर्धे रोख, अर्धे लगीनसराई सरल्यावर.

लगीनसराई सरली. गणपती झाले, दिवाळी झाली. परवा वरच्या आळीत हळद होती, तिथे तो दिसला. मी गर्दीतून वाट काढत त्याच्या कानाशी गेलो आणि म्हणालो, ‘ते १,५०० राहिलेत.’

‘काय?’ तो म्हणाला.

मी पुन्हा ओरडून सांगितलं. त्याने हसून मान डोलावली, मला पुढच्या खुर्चीत बसवलं आणि गेन आणखी थोडा वाढवला.